वाटणीनंतरची दोन घरं : शेफील्ड १९८० आणि न्यू वेव्हचे दोन अल्बम

न्यू वेव्ह म्हणजे पंकच्या पाठोपाठ ब्रिटन-अमेरिकेत आलेलं नवं पॉप-रॉक. त्याच्या चाहत्याला आवडते अल्बम विचारले की यादी बरीचशी ठरलेली निघते. टॉकिंग हेड्सचा 'रिमेन इन लाइट', ब्लाँडीचा 'पॅरलल लाइन्स', एक्सटीसीचा 'ड्रम्स अँड वायर्स', न्यू ऑर्डरचा 'पॉवर, करप्शन अँड लाइज', जपान या बँडचा 'टिन ड्रम', ओएमडीचा 'आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी'. वरच्या दोन-तिनात ह्यूमन लीगचा 'डेअर' असतोच. आणि त्याच्या बऱ्याच खाली, बहुतेक वेळा आठवल्यावर घातलेला, हेवन सेव्हन्टीनचा 'पेंटहाउस अँड पेव्हमेंट'.

हे शेवटचे दोन अल्बम सप्टेंबर आणि ऑक्टोबर १९८१ मध्ये, सुमारे महिन्याभराच्या अंतराने लागोपाठ आले. दोन्ही उत्तर इंग्लंडमधल्या शेफील्डचे. दोन्हींची सुरुवात त्या गावातल्या एकाच स्टुडिओत झाली आणि ते करणारी मुख्य माणसं वर्षभरापूर्वी एकाच बँडमध्ये, म्हणजे जुन्या ह्यूमन लीगमध्ये होती. त्या फुटीची गोष्ट अजूनही एकाच साच्यात सांगितली जाते : प्रयोगशील मंडळी बाहेर पडली, केसांची काळजी असलेला गायक मागे राहिला, त्याने नाचणाऱ्या दोन मुली घेतल्या आणि पैसा कमावला. रेकॉर्डी लावून ऐकल्या तर या गोष्टीचा अर्धा भाग टिकत नाही. म्हणून या टिपणात बाकी सगळं आटोपतं घेऊन त्या फुटीलाच जास्त जागा दिली आहे.

आधीचं थोडक्यात. पंक, म्हणजे मोजक्या सुरांचं, आरडाओरड्याचं, कुणालाही वाजवता येईल असं रॉक, आणि त्यावरून १९७६-७७ मध्ये लंडनमध्ये काय गोंधळ उडाला हे वाचकाला माहीत आहेच. 'न्यू वेव्ह' हे नाव फ्रेंच सिनेमाकडून उसनं आलेलं. अमेरिकेतली रेडिओ स्टेशनं 'पंक' म्हटलं की दार लावून घ्यायची, म्हणून न्यू यॉर्कमधल्या एका रेकॉर्ड कंपनीने १९७७ मध्ये आपल्या बँडना पंक म्हणू नका, न्यू वेव्ह म्हणा, असा प्रचारच सुरू केला. म्हणजे नाव विक्रीच्या सोयीचं. ब्रिटनमध्ये ते पुढे बरंच आक्रसलं, अमेरिकेत मात्र इतकं ताणलं गेलं की अॅक्रनसारख्या टायरच्या गावातून आलेला डीव्हो, बॉस्टनचा कार्स आणि बर्मिंगहॅमचा ड्युरान ड्युरान एकाच खणात जाऊन बसले. नावाचा वाद इथेच सोडू. खरा फरक पडला तो कोणत्या वाद्यावर काय वाजवायचं आणि वाजवणाऱ्याला किती यायला हवं, या प्रश्नाने.

या प्रश्नाला पहिलं उत्तर ब्रिटनबाहेरून आलं होतं. जर्मनीच्या क्राफ्टवेर्कने १९७४ च्या 'ऑटोबान'मध्ये यंत्रांवर तबकडीची अख्खी बाजू उभी केली. १९७७ च्या उन्हाळ्यात डॉना समरचं 'आय फील लव्ह' आलं. त्यात गाणाऱ्या बाईच्या गळ्याखाली जवळजवळ सगळं सिंथेसायझरवर, म्हणजे विजेने आवाज तयार करणाऱ्या वाद्यावर होतं आणि तरी लोक नाचत होते. शेफील्डमधल्या पोरांनी या दोन्ही तबकड्या झिजेपर्यंत ऐकल्या होत्या.

शेफील्ड हे पोलादाचं गाव. त्याआधीपासून चाकू-सुऱ्यांचं. जानेवारी ते एप्रिल १९८० मध्ये देशभर पोलाद कामगारांचा संप झाला, तेरा आठवडे चालला, आणि त्यानंतर या गावाच्या भट्ट्या एकेक करून थंडावत गेल्या. कात्री-सुऱ्यांचे छोटे कारखाने तर त्याआधीच ओस पडू लागले होते. रिकाम्या कारखान्यातल्या खोल्या भाड्याला स्वस्त, शेजारी तक्रार करायला कुणी नाही, त्यामुळे बँडना तालमीला जागाच जागा. कॅबरे व्होल्टेअर हा बँड १९७३ पासून टेपचे तुकडे आणि घरी जोडलेली यंत्रं घेऊन असाच बसलेला होता. भट्टीच्या घणांचे आवाज ऐकत वाढल्यामुळे इथलं संगीत असं झालं, असं नंतर पुष्कळ लिहिलं गेलं. मला त्यात फार तथ्य वाटत नाही. स्वस्त खोली आणि भरपूर मोकळा वेळ एवढं कारण पुरेसं आहे.

ह्यूमन लीगचे मूळ दोघे संगणकावर काम करणारे ऑपरेटर होते. तरुणांसाठी गावात चालणाऱ्या एका नाट्यप्रकल्पात त्यांची ओळख झाली. जपानी सिंथेसायझर तोवर पगारदार माणसाच्या आवाक्यात येऊ लागले होते, ते त्यांनी घेतले. गिटार शिकायला वर्षं लागतात, इथे एक कळ दाबली की आवाज निघतो आणि बटणं फिरवली की तो बदलतो, एवढ्यावर त्यांचा भरवसा. गायक म्हणून ज्याला हवं होतं तो गाव सोडून गेलेला, म्हणून त्यांनी शाळेतल्या एका मित्राला विचारलं. तो रुग्णालयात पोर्टर होता, गाणं कधी म्हटलं नव्हतं, पण दिसायला वेगळा : केस एका बाजूला आखूड आणि दुसऱ्या बाजूला हनुवटीखाली लोंबणारे. निवड या केसांमुळे झाली हे ते स्वतःच सांगतात. बँडचं नाव अंतराळयुद्धाच्या एका पटावरच्या खेळातून उचललं.

पहिली तबकडी 'बीइंग बॉइल्ड' जून १९७८ मध्ये एडिंबरामधल्या एका चिमुकल्या कंपनीने काढली. ओस पडलेल्या कारखान्यातल्या खोलीत, घरगुती टेपरेकॉर्डरवर केलेली. विषय काय, तर रेशमाचे किडे उकळू नका, आणि तेही बुद्धाचा आवाज ऐका असं सांगत. गायकाने त्यात एका धर्माचं दुसऱ्याला लावलं होतं, हे त्याने नंतर हसत मान्य केलं. आपल्याकडच्या श्रोत्याला ते पहिल्याच ओळीत खटकतं. पण खालचा आवाज मात्र तेव्हाच्या कुठल्याही तबकडीसारखा नाही. जाड, ओला, मधे मोकळी जागा सोडत चालणारा.

बँडमध्ये एक चौथा सभासद होता जो काहीच वाजवत नव्हता. तो मंचावर मागच्या पडद्यावर स्लाइड दाखवायचा आणि तबकडीवर त्याचं नाव सभासद म्हणूनच छापलं जाई. यांचा एक नियमही होता : सिंथेसायझर आणि माणसाचा गळा, याव्यतिरिक्त काही नाही. १९७९ च्या शेवटी टॉकिंग हेड्सच्या ब्रिटन दौऱ्यात आधी वाजवायची संधी आली तेव्हा यांनी कळवलं की मंचावर सगळं यंत्रं आपोआप करतील आणि आम्ही प्रेक्षकांत बसून पाहू. दौऱ्यातून नाव कटलं.

मोठ्या कंपनीशी करार झाल्यावर 'रिप्रॉडक्शन' (१९७९) आणि 'ट्रॅव्हलॉग' (१९८०) आले. पहिला तेव्हा चाललाच नाही. दुसरा ब्रिटनच्या यादीत सोळाव्या क्रमांकापर्यंत गेला आणि थांबला. मधल्या काळात वाईट गोष्ट अशी घडली की १९७९ च्या उन्हाळ्यात ट्यूबवे आर्मी या बँडचं 'आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक?' चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. लंडनच्या एका पोराने, पंक बँडसाठी घेतलेल्या स्टुडिओत योगायोगाने सापडलेल्या सिंथेसायझरवर, शेफील्डवाले दोन वर्षं घासत असलेली गोष्ट एका उन्हाळ्यात करून दाखवली होती. कंपनीचा धीर सुटत चालला, कर्ज वाढलं, आणि बँडच्या खोलीत बोलाचाली सुरू झाली.

ऑक्टोबर १९८० मध्ये, युरोपच्या दौऱ्याला जेमतेम दोन आठवडे उरले असताना, बँड फुटला.

नेमकं कुणी कुणाला काढलं यावर आजही एकमत नाही. बाहेर पडलेल्यांपैकी एकाचं म्हणणं असं की गायक, व्यवस्थापक आणि कंपनी यांनी आधीच संगनमत केलं होतं आणि आपल्याच बँडमधून त्याला हाकलण्यात आलं. गायकाच्या बाजूने येणारी गोष्ट अशी की त्या दोघांत रोजची भांडणं होती, दोघांनी एका खोलीत काम करणं अशक्य झालं होतं, कुणीतरी जाणं भागच होतं. कंपनीचा हिशेब साधा असावा : एका न चालणाऱ्या बँडच्या जागी दोन बँड, त्यातला एखादा तरी चालेल. आणि झालंही तसंच, दोन्ही घरं त्याच कंपनीकडे राहिली.

वाटणीच्या अटी मात्र दोन्ही बाजू सारख्याच सांगतात, आणि त्या वाचताना आपल्याकडच्या भाऊबंदकीची आठवण येते. ज्यांनी यंत्रं जमवली, सूर बांधले, ते दोघे बाहेर. नाव राहिलं गायकाकडे आणि स्लाइडवाल्याकडे, म्हणजे ज्या दोघांना वाजवता येत नव्हतं त्यांच्याकडे. नावाबरोबर कर्ज आणि ठरलेला दौराही त्यांच्याच गळ्यात पडला. दौरा केला नाही तर आयोजक कोर्टात खेचणार. बाहेर जाणाऱ्यांना नावाच्या बदल्यात काय, तर ह्यूमन लीगच्या पुढच्या अल्बमच्या उत्पन्नातला एक टक्का. त्या दिवशी या एका टक्क्याला कुणी चहाचीही किंमत दिली नसती. पुढचा अल्बम म्हणजे 'डेअर'.

आता मुलींचं. दौऱ्याला दिवस उरले होते मोजके, आधीच्या गाण्यांत वरच्या पट्टीचा जो आवाज बाहेर पडलेल्यांपैकी एक देत असे त्याला पर्याय हवा होता. गायक गावातल्या हाय स्ट्रीटवरच्या एका नाइटक्लबमध्ये गेला आणि तिथे नाचणाऱ्या दोन मैत्रिणींना दौऱ्यावर येता का म्हणून विचारलं. एक सतरा वर्षांची, दुसरी अठराची, दोघी शाळेत शिकणाऱ्या. दोघींनी त्याच दौऱ्यातल्या डाँकॅस्टरच्या कार्यक्रमाची तिकिटं आधीच काढलेली होती, प्रेक्षक म्हणून. घरच्यांची परवानगी घ्यायला गायक स्वतः गेला. दौऱ्यात जुन्या चाहत्यांनी दोघींवर शेरे मारले, डबे फेकले. संगीताच्या साप्ताहिकांनी 'गायक आणि त्याच्या नाचणाऱ्या पोरी' या सुरात टर उडवली.

ही टर त्या साप्ताहिकांच्या नावावर आज फार शोभत नाही. ज्या मंडळींनी गायकाला गाता येत नाही याचं, स्लाइडवाल्याला वाजवता येत नाही याचं कौतुक 'नवी कल्पना' म्हणून केलं होतं, त्यांना अचानक या मुलींना गाणं येत नाही हे दिसू लागलं. न्यू वेव्हच्या इतिहासात बायकांना आधी पात्रता सिद्ध करून दाखवावी लागली. पुरुषांना ती सूट होती. दोघी ज्या सरळ, अनघड, गावठी शेफील्डी उच्चारात गातात, त्यानेच 'डेअर'मधली यंत्रं माणसात आली. त्या दोघी चाळीस वर्षांनंतरही बँडमध्ये आहेत. गायक आणि त्या दोघी, तिघांपैकी कुणी बदललेलं नाही.

बाहेर पडलेल्या दोघांनी वर्ष संपायच्या आत नवीन संस्था काढली, कंपनीसारखं नाव असलेली, आणि तिच्या पोटात हेवन सेव्हन्टीन हा बँड. गायक म्हणून तोच मित्र आला जो सुरुवातीला गावात नव्हता. काही महिने दोन्ही बँड शेफील्डमधल्या एकाच स्टुडिओत पाळीपाळीने काम करत होते. एका गटाने यंत्रं बंद करून जायचं आणि दुसऱ्याने येऊन सुरू करायची. भिंतीला कान लावायची गरजच नव्हती.

आणि इथे त्या प्रचलित गोष्टीचा धागा तुटतो. यंत्रनिष्ठ म्हणून बाहेर पडलेल्यांनी 'पेंटहाउस अँड पेव्हमेंट'च्या पहिल्या बाजूला काय घातलं? बास गिटार. गावातल्या नाट्यगृहात पडद्यामागे काम करणारा एक सतरा-अठरा वर्षांचा पोरगा त्यांना सापडला, आणि त्याने अंगठ्याने तारा ठोकत जे वाजवलं ते त्या अल्बममधलं सर्वांत जिवंत वाद्य आहे. 'वी डोन्ट नीड धिस फॅसिस्ट ग्रूव्ह थँग' हे गाणं (हेच ते, ज्यात अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांचं नाव घेतल्यामुळे सरकारी रेडिओने ते वाजवायचं टाळलं) मधल्या बासच्या तुकड्याशिवाय कल्पनेत आणून पाहा, अर्धं उरतं. मुखपृष्ठावर सूट-टाय घातलेले तिघे, एखाद्या बहुराष्ट्रीय कंपनीच्या माहितीपत्रकावर असावेत तसे. थट्टा उघड आहे. तेव्हा काहींना ती कळली नाही.

उलट, विकले गेले म्हणून ज्यांच्यावर ठपका होता त्यांनी केलेल्या 'डेअर'मध्ये पारंपरिक वाद्य एकही नाही. एडिंबराच्या एका पंक बँडचा गिटारवाला नव्याने घेतला होता, त्याला पहिल्या दिवशी सांगितलं गेलं की गिटार घरी ठेवायची. तो सिंथेसायझर शिकला आणि अल्बममधली काही प्रसिद्ध गाणी रचण्यात त्याचा हात आहे. जुना नियम सोडला, तो बनवणाऱ्यांनीच. ज्यांच्यावर तो लादलेला वाटत होता त्यांनी तो अक्षरशः पाळला.

'डेअर' कसा झाला ते जवळून पाहण्यासारखं आहे. बर्कशरमधल्या एका खेड्यात निर्मात्याने आपल्या घराच्या आवारात स्टुडिओ उभारला होता. पंक बँडचे अल्बम करून तो यंत्रांकडे वळलेला. त्याच्याकडे रोलँड कंपनीचं एमसी-८ होतं. दिसायला मोठ्या कॅलक्युलेटरसारखं. त्यावर सूर वाजवायचा नाही, टाइप करायचा : आकड्यांच्या कळांवर प्रत्येक स्वराची उंची, तो कधी सुरू व्हावा, किती वेळ टिकावा, असे आकडे एकेक करून भरायचे. एका ओळीत चूक झाली तर पुढचं सगळं सरकतं. भरलेलं काम साध्या कॅसेटवर साठवायचं. मग प्ले दाबल्यावर यंत्र ते आकडे सिंथेसायझरकडून वदवून घेतं, आणि कुठल्याही माणसाचा हात देऊ शकणार नाही इतका काटेकोर ठेका मिळतो.

दुसरं यंत्र लिन एलएम-१. आधीच्या ताल-यंत्रांतून फुसफुस आणि टकटक निघे. यात खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित आवाज चिपमध्ये भरलेले होते. १९८० मध्ये बाजारात आलं, किंमत सुमारे पाच हजार डॉलर. जगभरात मोजकीच विकली गेली आणि त्यातली एक अमेरिकन गायक प्रिन्सकडे होती. या यंत्रात एक उणीव होती : मोठी झांज नव्हती, कारण तिचा लांबत जाणारा नाद साठवायला तेवढी मेमरी परवडत नव्हती. 'डेअर' लावून हे तपासा. रॉकच्या अल्बममध्ये ओळ संपली की जो 'झन्न' आवाज येतो, तो इथे येत नाही. त्यामुळे गाण्यांत एक कोरडी, स्वच्छ मोकळीक राहते, जी नंतर दशकभर अनेकांनी उसनी घेतली. हेवन सेव्हन्टीनकडेही हेच यंत्र होतं. दोघांच्या घरात एकच ढोल, एकाने त्यावर बास ठोकला आणि दुसऱ्याने आकडे भरले.

अल्बम ऑक्टोबर १९८१ मध्ये आला. मुखपृष्ठ पांढरं, फॅशनच्या मासिकासारखं. त्याआधीची तीन गाणी चांगली चालली होती, अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. मग कंपनीला चौथं गाणं वेगळं काढावंसं वाटलं : 'डोन्ट यू वाँट मी', अल्बममधलं शेवटचं. गायक याच्या ठाम विरोधात. त्याच्या मते ते अल्बममधलं सर्वांत कच्चं गाणं, निर्मात्याने अति गोड केलेलं, म्हणूनच तर ते मागे टाकलं. किशोरींच्या मासिकातल्या एका गोष्टीवरून सुचलेले शब्द, आणि लोक आता आपल्या नावाला कंटाळतील ही भीती. शेवटी तडजोड म्हणून त्याने अट घातली की तबकडीबरोबर मोठं पोस्टर द्या, म्हणजे घेणाऱ्याला फसवल्यासारखं वाटणार नाही. नोव्हेंबरअखेरीस ती निघाली. नाताळात पहिला क्रमांक, एकूण पाच आठवडे तिथेच. पुढच्या जुलैत अमेरिकेतही तीन आठवडे पहिला क्रमांक. त्या एका टक्क्याचे धनादेश कुणाच्या घरी जात होते हे सांगायला नको.

त्याआधी त्याच वर्षीच्या वसंतात, मे १९८२ मध्ये, वादकांच्या ब्रिटिश संघटनेच्या मध्य लंडन शाखेने एक ठराव मंजूर केला : खऱ्या वाद्यांची नक्कल करू शकणारे सिंथेसायझर, ताल-यंत्रं आणि तत्सम उपकरणं ध्वनिमुद्रणात आणि कार्यक्रमांत वापरण्यावर बंदी घाला. निमित्त होतं एका अमेरिकन गायकाच्या दौऱ्याचं, ज्यात वाद्यवृंदाची जागा सिंथेसायझरने घेतली. संघटनेने देशपातळीवर हा ठराव उचलून धरला नाही आणि आज तो विनोद म्हणून सांगितला जातो. मला तो तितकासा हसण्यासारखा वाटत नाही. त्या जानेवारीत ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला होता. व्हायोलिन वाजवून घर चालवणाऱ्याने रेडिओवर 'डेअर' ऐकला तर त्याला त्यात काय दिसलं असेल? फक्त संघटनेला हे लक्षात आलं नाही की 'डेअर'वाले कुणाची नोकरी हिसकावत नव्हते. त्यांना व्हायोलिनवाला परवडलाच नसता, आणि त्यांच्या यंत्राला व्हायोलिनसारखं वाजायचं नव्हतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भराभर. अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ ला चोवीस तास गाणी दाखवणारी वाहिनी सुरू झाली. तिच्याकडे दाखवायला चित्रफिती कमी, आणि ब्रिटिश बँडकडे त्या तयार, कारण ब्रिटनमध्ये टीव्हीवरच्या आठवड्याच्या कार्यक्रमाला स्वतः जाता आलं नाही तर फीत पाठवायची पद्धत होती. ड्युरान ड्युरानने 'रिओ'च्या गाण्यांसाठी श्रीलंका आणि अँटिग्वा गाठलं. 'डोन्ट यू वाँट मी'ची फीत पावसाळी रात्री, सिनेमाचं चित्रीकरण चालू असल्याच्या कल्पनेवर बांधलेली, आणि ती अमेरिकेत गाण्याइतकीच चालली. १९८३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पहिल्या चाळीस गाण्यांत जवळपास निम्मी ब्रिटिश होती.

माझ्या यादीपुरतं सांगायचं तर इथून पुढे घसरण आहे. १९८३ मध्ये डीएक्स-७ हा सिंथेसायझर आला, वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांना जोडणारी मिडी ही पद्धत आली, आणि जे आकडे भरायला दिवस लागायचा ते तासात होऊ लागलं. काम सोपं झालं तसे आवाजही सगळीकडे एकसारखे झाले. अपवाद आहेत. न्यू ऑर्डरचं 'ब्लू मंडे' (मार्च १९८३), फ्लॉपी डिस्कच्या आकाराच्या वेष्टणातलं, अजूनही कुठे लावलं तरी खोलीचा नूर बदलतो. ओएमडीने त्याच वर्षी 'डॅझल शिप्स'मध्ये जहाजांचे भोंगे आणि परदेशी रेडिओच्या घोषणा भरून आपल्याच चाहत्यांना पळवून लावलं. तो अल्बम मला 'आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी'पेक्षा वरचा वाटतो, यावर भांडायला तयार आहे. शेफील्डच्याच एबीसी या बँडने १९८२ च्या 'लेक्सिकन ऑफ लव्ह'मध्ये पुन्हा खराखुरा वाद्यवृंद आणला. ठराव करणारी शाखा खूश झाली असेल.

मुंबईपर्यंत यातलं काय पोचलं? मार्च १९८० मध्ये पोलीस हा बँड जगदौऱ्यात मुंबईत वाजवून गेला, आणि तो कार्यक्रम भरवला होता बायकांच्या एका धर्मादाय मंडळाने. पण बहुतेकांच्या कानावर हे संगीत वेगळ्या वाटेने आलं. बगल्सचं १९७९ चं 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार', जे त्या अमेरिकन वाहिनीने पहिल्या दिवशी पहिलं दाखवलं, त्याची चाल १९८२ च्या 'डिस्को डान्सर'मध्ये 'आउवा आउवा' होऊन आली. गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या बँडवर, एसटी स्टँडवरच्या टपरीत लोकांनी न्यू वेव्ह ऐकलं आणि त्याला हिंदी सिनेमाचं गाणं समजले. त्याच वर्षी मुंबईतल्या हिंदी सिनेमाच्या एका अनुभवी वादकाने नव्याने आलेली जपानी यंत्रं घेऊन दहा रागांना डिस्कोचा ठेका दिला. ती तबकडी तेव्हा पडून राहिली आणि २०१० मध्ये पुन्हा निघाल्यावर परदेशात चर्चेचा विषय झाली. शेफील्डमध्ये आणि मुंबईत एकाच सुमाराला माणसं एकाच कंपनीच्या यंत्रांसमोर बसली होती, पण एकमेकांची त्यांना गंधवार्ता नव्हती. मूळ बँड इथल्या मुलांना नीट दिसले ते १९९१ नंतर केबल आल्यावर, म्हणजे ते बँड एकतर फुटल्यावर किंवा पस्तिशी ओलांडल्यावर. म्हणून मराठी चाहत्याची यादी बरेचदा उलट्या क्रमाने बनलेली असते. 'ह्यूमन' हे १९८६ चं मवाळ गाणं आधी, 'डेअर' नंतर, आणि 'बीइंग बॉइल्ड' सर्वांत शेवटी.

त्या 'ह्यूमन'बद्दल एवढंच, की ते मिनिआपोलिसच्या दोन निर्मात्यांनी केलं, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि त्यात ह्यूमन लीग फारशी नाही. 'डेअर'च्या निर्मात्याने त्याआधीच्या 'हिस्टेरिया'च्या (१९८४) वेळीच मधूनच काम सोडलं होतं. जाण्याआधी १९८२ मध्ये त्याने 'डेअर'ची गाणी ब्लेडने टेप कापून-जोडून नव्याने बांधली, 'लव्ह अँड डान्सिंग' या नावाने. हजारांवर काप. संगणकाविना केलेलं रीमिक्सचं हे काम आज ऐकलं तरी कुठे सांधा दिसत नाही, आणि यादीत त्याला जागा देणारे चाहते फार कमी भेटतात.

हेवन सेव्हन्टीनला १९८३ मध्ये 'टेम्प्टेशन'ने दुसऱ्या क्रमांकावर नेलं. गंमत म्हणजे त्यातही साथीला वाद्यवृंद आणि एका गायिकेचा दणदणीत आवाज आहे. तोवर दोन्ही घरांतली कटुता बरीच निवळली होती, असं दोघांच्याही बोलण्यातून दिसतं. २००८ च्या हिवाळ्यात दोन्ही बँड आणि एबीसी यांनी मिळून पोलादनगरीच्या नावाने ब्रिटनभर दौरा केला. २०२१ मध्ये बाहेर पडलेल्यांपैकी एकाने हेवन सेव्हन्टीनच्या गायकाला घेऊन 'रिप्रॉडक्शन' आणि 'ट्रॅव्हलॉग' हे जुन्या ह्यूमन लीगचे दोन्ही अल्बम शेफील्ड आणि लंडनमध्ये पूर्ण वाजवले, मागे पडद्यावर स्लाइडसह. नाव ज्यांच्याकडे आहे ते त्यात नव्हते. त्यांचा 'डेअर'चा स्वतंत्र दौरा त्याच वर्षाच्या शेवटी झाला.